नारायण मास्तरांचं नाव फुटलं कसं?

अजित सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "विद्या मॅडम, हे बाहेर कसं गेलं?"

स्क्रीनवर आमच्या गेमच्या चाहत्यांचा ग्रुप उघडा होता. ‘मोडनिंबकर’ या नावानं कुणीतरी सकाळी लिहिलं होतं, ‘चोर नारायण मास्तर. लिहून ठेवा.’

मी दोनदा वाचलं. चोर नारायण मास्तरच होता. त्याला चोर मीच केलं होतं. पण गेम अजून बाजारात यायचा होता. चाहत्यांना आम्ही दोन दिवसांपूर्वी फक्त पहिला भाग खेळायला दिला होता आणि त्या भागात चोर कोण याचा उल्लेखही नव्हता.

मी गेमच्या गोष्टी लिहिते. लोकांना वाटतं गेम म्हणजे गोळीबार नाहीतर गाड्यांची शर्यत. आमचा गेम तसा नाही. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या एका फ्लॅटमध्ये अजित सरांनी काढलेलं आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही ‘तिकीट दाखवा’ नावाची मालिका बनवतो. होटगी जंक्शनवरून रिटायर झालेल्या गोदावरी मावशी, म्हणजे जन्मभर टीसी म्हणून काम केलेली बाई, गावातल्या चोऱ्यांचा तपास करतात. खेळणाऱ्यानं मावशींच्या बाजूनं लोकांना प्रश्न विचारायचे, वस्तू गोळा करायच्या, कोडी सोडवायची. एक कोडं सुटलं की पुढचा दरवाजा उघडतो. शेवटी सगळे संशयित एकत्र बोलवायचे आणि एकाकडे बोट दाखवून म्हणायचं, "तिकीट दाखवा." तोपर्यंत तीन गेम आले होते. हा चौथा.

चौथ्यात चादरीच्या कारखान्यातून एका जुन्या डिझाइनचे पुठ्ठे चोरीला जातात. चादर विणायच्या मागावर नक्षी उमटते ती या पुठ्ठ्यांमुळे. त्यांना ठरावीक जागी भोकं पाडलेली असतात, कुठला धागा वर उचलायचा ते भोकांवरून ठरतं. नारायण मास्तर हे पुठ्ठे तयार करणारे म्हातारे कारागीर. गोड बोलणारे, सगळ्यांचे लाडके. चोर तेच.

"शेवट कुणाकुणाला माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"तुम्हाला, मला आणि श्रीनिवासला."

कन्नड, तेलुगू भाषांतराला आम्ही शेवटचा भाग अजून पाठवलाच नव्हता. पहिल्या भागाच्या फाइलमध्ये पुढचं काही राहिलंय का तेही सरांनी तपासलं. काही नव्हतं.

सर हळू आवाजात म्हणाले, "पुण्याच्या पब्लिशरनी हे वाचलं तर संपलं. शेवट फुटलेला गेम ते बाजारात आणणार नाहीत."

पब्लिशर म्हणजे आमचा गेम लोकांपर्यंत नेणारी कंपनी. त्यांनी हात काढून घेतला असता तर चौथा गेमच काय, ऑफिसही राहिलं नसतं.

श्रीनिवास आतल्या खोलीत हेडफोन लावून चित्र काढत होता. आम्ही दोघांनीही एकदमच त्या दाराकडे बघितलं.

श्रीनिवास आमचा आर्टिस्ट. वय तीस. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. आजोबांचा माग होता, त्यामुळे पुठ्ठ्यांची सगळी माहिती मला त्यानंच दिली होती. तीन वर्षं आम्ही एकत्र काम केलं होतं. पण त्या सकाळपासून मला त्याच्या दुसऱ्याच गोष्टी आठवायला लागल्या. गेले तीन आठवडे त्याला फोन आला की तो उठून गॅलरीत जायचा. दार ओढून घ्यायचा. तेलुगूत बोलायचा. मी जवळ गेले की आवाज बारीक करायचा. मला तेलुगू येत नाही हे त्याला माहीत होतं. मग आवाज कशाला बारीक करायचा?

एकदा तो म्हणाला होता, "मॅडम, हा शेवट लोकांना आधीच कळंल की." तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य मला कबुलीसारखं वाटायला लागलं.

मी सरांना एक युक्ती सुचवली. ती आमच्याच धंद्यातली आहे. माहिती कोण फोडतो ते शोधायचं असेल तर संशयिताला खोटी माहिती द्यायची आणि ती बाहेर येते का बघायचं. दुसऱ्या गेममध्ये मावशी हेच करतात.

मंगळवारी मी श्रीनिवासला म्हणाले, "चोर बदललाय. आता मास्तर नाही. कारखान्याच्या मालकाची सून, रेणुका. तिचे कबुलीजबाबाचे चेहरे काढायला घे."

"आता?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "सगळे क्लू मास्तरांकडं जातात की, मॅडम."

"ते मी बघते."

त्यानं मान हलवली आणि कामाला लागला. दोन दिवसांत रेणुकाचे अकरा चेहरे काढले. घाबरलेली, चिडलेली, रडणारी, नजर चुकवणारी. फार सुंदर काढले होते. मी "ठीक आहे" एवढंच म्हणाले.

गुरुवारी ग्रुपवर ‘मोडनिंबकर’ हे नाव पुन्हा उगवलं. ‘पुन्हा सांगते, नारायण मास्तरच.’

रेणुकाचं नाव कुठेच नव्हतं. शहाण्या माणसानं इथे थांबून म्हटलं असतं, श्रीनिवास निर्दोष आहे. मी म्हणाले, "सर, त्याला सापळा कळला. हुशार आहे तो."

संशय एकदा डोक्यात बसला की असंच होतं. नाव बाहेर आलं असतं तर तो पुरावा ठरला असता. नाही आलं, तर तोही मी पुरावाच ठरवला. लिहिणारी मी. गोष्ट जुळवायची मला सवय.

सरांनी त्याच दुपारी श्रीनिवासचा ॲक्सेस काढला. म्हणजे गोष्टीच्या फाइली जिथे ठेवतो ते फोल्डर त्याला उघडता येईना. थोड्या वेळानं तो माझ्या टेबलापाशी आला.

"मॅडम, माझं फोल्डर उघडंना झालंय."

"सर्व्हरचं काम चाललंय," मी मान वर न करता म्हणाले.

"तुमचं तर उघडं दिसायलंय."

मी काहीतरी पुटपुटले. तो आत निघून गेला. त्या दिवशी त्यानं डबा आमच्यासोबत न खाता आत एकट्यानं खाल्ला.

दरम्यान सरांनी मोडनिंबकरला सरळ मेसेज टाकला होता. ‘तुम्हाला हे नाव कुणी सांगितलं? आम्हाला भेटायचं आहे.’ उत्तर लगेच आलं. ‘या की रविवारी मोडनिंबला. बाजाराच्या मागं सुनंदाबाईची गिरणी कुणीबी दाखवंल.’

रविवारी सरांच्या गाडीतून आम्ही मोडनिंबला निघालो. वाटेत मी प्रश्न ठरवून ठेवले. आधी ओळख काढायची, मग श्रीनिवासचं नाव अचानक घ्यायचं आणि चेहरा बघायचा. मावशी असंच करतात.

गिरणी पिठाची होती. सुनंदाबाई पन्नाशीच्या पुढच्या, डोक्याला फडकं बांधलेलं, भुवयांवर पीठ. आम्हाला बघून त्यांनी पट्टा बंद केला.

"सोलापूरचे न्हवं? बसा. पोत्यावर बसू नका, कापडं पांढरी व्हतील."

काउंटरवर मोबाइल होता, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. दळण चालू असताना बाई त्या पिशवीवरूनच बोट फिरवून आमचा गेम खेळायच्या. तिन्ही गेम त्यांनी चार-चारदा खेळले होते.

मी ठरवल्याप्रमाणे आधी ओळख वगैरे काही काढलीच नाही. सरळ विचारलं, "श्रीनिवासला तुम्ही कशा ओळखता?"

"कोन श्रीनिवास?"

मी चेहरा बघत होते. त्यावर पिठाशिवाय काही नव्हतं.

"आमच्या ऑफिसातला. मग मास्तरांचं नाव तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुमीच की."

"मी?"

"गेम कोन लिवतं? तुमीच न्हवं?" त्या माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. "आता बगा. पयल्या गेममधी पत्त्याचं कोडं व्हतं. मावशीला ते सुटंना. पोस्टमननं शिकवलं. चोर कोन निगाला?"

"पोस्टमन."

"दुसऱ्यात चिठ्ठीवरचं अक्षर लागंना. डाक्टरीणबाईनं वाचून दिलं. चोर कोन? डाक्टरीणबाई. तिसऱ्यात बँडवाल्यानं चाल गुनगुनून दावली. चोर त्योच. आन् ह्या चौथ्यात भोकं कशी वाचायची ते मावशीला मास्तर शिकवतोय. मग दुसरा कोन आसंल?"

सर माझ्याकडे बघत होते. मी जमिनीकडे.

"आनि आजून येक," सुनंदाबाई खुशीत आल्या होत्या. "मावशी समद्यांवर खेकसत्यात. ह्याला तिकीट कुटं, त्याला तिकीट कुटं. त्या येकट्याशी तेवडं ग्वाड बोलत्यात. मला तर पयल्या दहा मिन्टात कळतंय. तरीबी खेळते. कसा केला त्ये बगायला लई मजा येती."

आता हे असं का झालं ते सांगते. तपासाच्या गोष्टीत लेखकावर एक बंधन असतं. चोर शेवटच्या क्षणी आभाळातून पडलेला चालत नाही. तो सुरुवातीलाच दिसला पाहिजे, नाहीतर खेळणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. पण दिसूनही त्याचा संशय येता कामा नये. यावर सोपा इलाज म्हणजे तो आवडेल असं करायचं. आणि आवडायला लावायचं तर त्याला मदत करायला लावायची. पहिलं कोडं नवख्या माणसाला अवघड जातं, तिथे कुणीतरी हिंट द्यावीच लागते. मी एका पात्रात दोन कामं उरकत होते. एकदा जमलं म्हणून दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा हाताला सवयच लागली. चौथ्यांदा नारायण मास्तर लिहिताना मला वाटत होतं की हे मला नव्यानंच सुचलंय.

निघताना सुनंदाबाईंनी विचारलं, "म्या काय चुकीचं केलं का?"

"नाही हो," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "उद्या त्याचा ॲक्सेस परत देतो."

"आणि कारण काय सांगायचं?"

"खरं ते सांगा. तुम्हीच सांगा."

सोमवारी मी श्रीनिवासला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. सापळाही सांगितला. तो ऐकत होता. रेणुकाचा विषय आला तेव्हा फक्त त्यानं मधे विचारलं, "म्हणजे ते अकरा चेहरे उगंच काढायला लावले?"

"हो."

"आणि सर्व्हरचं काम?"

"नव्हतं."

तो म्हणाला, "मी हैदराबादच्या कंपनीत नोकरीचं बोलायलोय. म्हणून गॅलरीत जायचो. कंपनीचं नाव, पगाराचे आकडे तुम्हाला कळले तर वाईट वाटंल म्हणून आवाज बारीक करायचो. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं की, मॅडम."

मी माफी मागितली. त्यानं "असू द्या" म्हटलं. माफ केलं असं म्हटलं नाही, आणि मला ते कळलं.

चोर बदलणं शक्य नव्हतं. सगळे क्लू मास्तरांवर बेतलेले होते. बदलायचा होता पहिला भाग. त्यावर तोडगा श्रीनिवासनंच काढला. "पुठ्ठे वाचायला रेणुकाला शिकवू द्या. तिचं पण काहीतरी लपवाछपवीचं ठेवा. चेहरे तयारच आहेत." मग रेणुका मावशींना मदत करणारी झाली. सासऱ्यांना न सांगता ती स्वतःची डिझाइनं विकते, असं गुपित तिला दिलं. मास्तरांवर मावशी पहिल्याच प्रसंगात खेकसल्या. दहा ओळी बदलल्या असतील. बाकी सगळं तसंच राहिलं.

पब्लिशरला आम्ही घडलं ते स्वतःहून कळवलं. त्यांनी नवा पहिला भाग मागवला आणि तो ग्रुपवर टाकून लोक काय म्हणतात ते पाहिलं. सुनंदाबाईंनी लिहिलं, ‘मास्तर न्हाय, रेणुका. माझं चुकलं व्हतं.’ त्या एका वाक्यावर आमचा गेम वाचला. तो ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा आला. शेवटपर्यंत खेळल्यावर बाईंनी मला फोन केला आणि पाच मिनिटं मनापासून शिव्या घातल्या. एवढी चांगली दाद मला आजवर मिळालेली नाही.

श्रीनिवास गेम पूर्ण होईपर्यंत थांबला आणि मग हैदराबादला गेला. तो तसाही जाणार होता असं सर म्हणतात. असेल. पण शेवटचे दोन महिने तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

गेममध्ये संशयिताला प्रश्न विचारल्याशिवाय त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. ती सोय मीच लिहिली आहे, तोवर बटणच चालत नाही. ऑफिसात असं काही अडवत नाही. तिथे आधी विचारायचं, हे ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं.