व्याह्यांचं शीड

बंगळूरला समुद्र नाही ही गोष्ट या शहरात एकाच माणसाला अजून पटलेली नाही, आणि तो माणूस म्हणजे आमचे व्याही. त्यांना ती माहीत नाही असं नव्हे. भूगोल त्यांचा माझ्यापेक्षा पक्का आहे. पण समुद्र नसणं ही त्यांच्या लेखी एक किरकोळ त्रुटी आहे, आणि त्रुटी म्हटली की ती दुरुस्त होतेच, यावर त्यांची जेवढी श्रद्धा आहे तेवढी माझी कुलदैवतावरही नसेल. सरकारी विमान कारखान्यात उभी हयात काढलेला हा गृहस्थ निवृत्त झाल्यावर चार लोकांसारखा सकाळी बागेत फिरेल, संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून राजकारणावर बोलेल, अशी घरच्यांची भाबडी समजूत होती. त्यांनी होडी घेतली. तीही साधी नाही. दोन लांबट, निमुळत्या होड्या शेजारी शेजारी जोडून मधे बसायला जाळी ताणलेली, वर डोलकाठी आणि शीड, अशी कॅटमरान नावाची चीज. शहर सोडून निघालेल्या कुणा हौशी माणसाला ती नकोशी झाली होती, आणि नकोशी झालेली वस्तू व्याह्यांना दुरूनही दिसते. तेव्हापासून त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या जागी ती होडी उभी असते आणि गाडी रस्त्यावर, शेवग्याच्या झाडाखाली.

कारखान्यातून आलेली कुठलीही वस्तू अर्धवटच असते आणि ती पुरी करणं हे गिऱ्हाइकाचं काम, असं त्यांचं तत्त्वज्ञान आहे. छत्री धरण्यात एक हात फुकट जातो म्हणून त्यांनी छत्री कमरेच्या पट्ट्याला बसवली. वारा सुटला की ते स्वतःच्या इच्छेविरुद्ध तिरके चालायचे आणि ओळखीची माणसं त्यांच्याबद्दल भलतंच बोलायची. दुपारच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून कुकरच्या शिट्टीत काहीतरी बसवून तिचा आवाज मऊ केला. तो इतका मऊ झाला की स्वयंपाकघरातही कुणाला ऐकू आला नाही. करपलेल्या डाळीकडे बघत ते समाधानाने म्हणाले, “आवाज मात्र छान आला की.” ते मूळचे निपाणीकडचे, पण इतकी वर्षं इथे काढल्यामुळे त्यांच्या मराठीत ‘सरी’, म्हणजे बरं, आणि ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, हे कानडी शब्द आता भाडेकरू राहिले नाहीत, घरचेच झाले आहेत.

माझी त्यांची पहिली खरी ओळख लग्नात झाली. मी मुलीचा बाप. कार्यालयाच्या दारात व्याहीभेट झाली, आम्ही एकमेकांना हार घातले, मिठी मारली. लेक जाणार म्हणून मी त्यांना सोडतच नव्हतो. त्याच क्षणी ते माझ्या कानात कुजबुजले, “हा खांब बघितलात? आतून पोकळ आहे.” मी ते वाक्य संसारावरचं भाष्य समजून कितीतरी दिवस घोळवत होतो. पुढे कळलं की ते मांडवाच्या ॲल्युमिनियमच्या नळीबद्दल बोलत होते. पण त्याच मांडवात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जावयाचे पाय धुवायला मी खाली वाकणार, तेवढ्यात त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मला उभं केलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “मुलीच्या बापानं आमच्यापुढं मान खाली घालायची नाही.” आमच्या नात्यातल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलाही भरून आलं. या मोठ्या मनाचा हिशेब पुढे माझ्या डोक्यावरच चुकता व्हायचा आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मी मूळचा पुण्याचा. पोहणं माहीत आहे, पण तेही वाचून. लेक-जावई महादेवपुऱ्याला राहतात म्हणून आम्ही निवृत्तीनंतर इथे येऊन पडलो. व्याह्यांनी एके दिवशी फोन करून, रविवारी होडीवर येणार का, असं विचारलं. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे व्याह्यांनी वाढलेला तिसरा लाडूदेखील नाकारत नाहीत. देवनहळ्ळीच्या पुढे एक जुनं तळं आहे, अलीकडे पाणी सोडल्यापासून पुन्हा भरलेलं. तिथे गाडीमागून होडी ओढत नेली. जाताना त्यांनी मला वाऱ्याचं शास्त्र समजावलं. शीड म्हणजे विमानाचा पंखच, फक्त उभा केलेला. मी विचारलं, मग होडी उडत का नाही? त्यांनी गाडीचा वेग कमी करून मागच्या होडीकडे वळून बघितलं, आणि मी घाईघाईने विषय बदलला.

मूळचं शीड विरलेलं होतं म्हणून त्यांनी पहिलं शीड शिवलं ते चौकातून उतरलेल्या फ्लेक्सचं. त्यावर कुठल्याशा स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. वारा भरला की पुढाऱ्याचे गाल फुगत आणि काठावर शेळ्या राखणारा म्हातारा हात जोडी. मला त्यातलं फक्त एवढंच कळलं, की वारा समोरून असेल तर होडी सरळ जात नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी जाते. दर वळणाला शीड या अंगाचं त्या अंगाला जातं आणि त्याच्या खालच्या काठाला बांधलेला आडवा दांडा सपकन फिरतो. त्या वेळी बरोबरच्या माणसाने डोकं खाली घ्यायचं. सुकाणू धरणारा ओरडतो आणि दुसरा वाकतो, बस एवढीच विद्या. जगात सगळीकडे हे असंच चालतं म्हणे. पण जगात सगळीकडे होडीत दोन व्याही नसतात.

पहिल्याच वळणाला व्याही म्हणाले, “व्याहीसाहेब, आपल्याला त्रास होणार नसेल तर मस्तक स्वल्प...” यापुढचं मला ऐकू आलं नाही. दांडा कानशिलावर बसला आणि मी पाण्यात होतो. आमचा काही तोल सांभाळला गेला नाही, होडीही माझ्या पाठोपाठ आडवी झाली. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी माझी इतकी क्षमा मागितली की मलाच अपराध्यासारखं झालं. काठावरून म्हाताऱ्याने कानडीत विचारलं, पडलात का? पुढे पुढे तो ‘इवत्तू बिद्रा?’ म्हणजे ‘आजही पडलात का?’ एवढंच विचारी, आणि उत्तराची वाट बघत नसे.

आता यावर उपाय काय? माझ्या सौभाग्यवतीने सरळ सांगितलं, की त्यांनी नुसतं ‘वाका’ म्हणावं. विहीणबाईंचंही तेच मत पडलं. पण व्याही हादरले. मुलीच्या बापाला वाका म्हणायचं, आणि तेही मुलाकडच्यांनी? भर मांडवात शब्द दिलेला. तोंडची भाषा बदलणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी होडी बदलायला घेतली. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात जाऊन दांडा वर चढवून घेतला. दांडा वर गेला म्हणून शीड वर गेलं, शीड वर गेलं म्हणून होडी जास्तच कलंडायला लागली. मग डोलकाठी कापली. डोलकाठी आखूड झाली म्हणून शीड कापलं. शीड लहान झालं म्हणून होडी जागची हलेना, म्हणून पुढे एक जादा शीड लावलं, त्याचा दोर माझ्या गळ्यात अडकला. मग दांडाच काढून टाकला, तर मोकळं शीड ओल्या चादरीसारखं माझ्या तोंडावर फटाफट बसू लागलं. मग दांडा परत आला, त्याला लोडाचा अभ्रा आणि कापूस, वर पितळी घंटा. दर फेरीला ते मला होडी दाखवत आणि विचारत, कसं वाटतं? मी म्हणे, उत्तम. व्याह्यांना दुसरं काय सांगणार? पीण्याचा कारखानदार मात्र एकदा न राहवून म्हणाला, अण्णा, हे नक्की काय बनतंय ते मला एकदा सांगा, म्हणजे मी आधीच तसं करून देतो.

या सगळ्या उद्योगामागे आणखी एक कारण होतं, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या मुलांचं बरं चाललं नव्हतं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोघं एकमेकांशी बोलतच नव्हती. घरात दोन पाहुणे उतरल्यासारखी राहत. आम्ही त्यावर कधी उघड बोललो नाही. एकदा फक्त विहीणबाईंच्या शिलाई मशीनवर शीड टाचता टाचता ते मान वर न करता म्हणाले, “एकदा दोघांना पलीकडच्या काठावर नेऊन आणलं की बोलतील. होडीतनं जाणार कुठं?” मला हा विचार खुळा वाटला आणि पटलाही. माझ्या डोक्यात तेव्हा दोन्ही गोष्टींना जागा होती.

मुलं आली. आढेवेढे न घेता आली, त्यामुळे आम्हाला फारच आशा वाटली. आम्ही त्यांना जाकिटं घातली, मधे जाळीवर डबा ठेवला आणि सुकाणू व्याह्यांनी धरलं. पण तोवर माझ्या डोक्याच्या काळजीपायी शीड रुमालाएवढं उरलं होतं. होडी तळ्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली ती राहिलीच. जावई जोडातल्या एका होडीवर, लेक दुसऱ्या होडीवर, दोघांची तोंडं बाहेर. थोड्या वेळाने दोघांचे फोन वाजले आणि दोघंही आपापल्या कचेरीशी बोलू लागली. मी काठावरून बघत होतो. व्याही मधे बसून दोर उगाच ओढत होते, सोडत होते. शेवटी त्यांनी वल्हं काढलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मुलांनी आम्हा चौघांना जेवायला बोलावून शांतपणे सांगितलं, की आम्ही वेगळे होतोय. कुणाचीच चूक नाही म्हणाली. मला ते कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. चूक असती तर व्याह्यांनी काहीतरी सुधारून बघितलं असतं. लेकीचं दुःख होतंच, ते मोठंच होतं. पण घरी परत येताना एक लहानसं दुःखही टोचत होतं, ते कुणाला सांगायची लाज वाटत होती: आता हे माझे कोण? घटस्फोट झाला की जावई जावई राहत नाही, सून सून राहत नाही, त्याला निदान कागद असतो. व्याह्यांचं काय होतं? मी सगळ्या नात्यांची उजळणी केली, या माणसाला बसवायला एकही सापडलं नाही. त्यांचा फोन येईना. मीही करीना, कुठल्या हक्काने करणार? रविवारी सकाळी मला लवकर जाग यायची आणि मी कपाळ चाचपत पडून राहायचो.

आणि मग एका शनिवारी फोन आला. ते म्हणाले, “व्याही...” आणि थांबले. मग म्हणाले, “उद्या वारा चांगला आहे.” मी म्हटलं, येतो.

तळ्यावर पोचलो तर मला होडी ओळखू येईना. डोलकाठी पुन्हा उंच झालेली, तिला पीण्यातून जोड मारून आणलेला. शीड नवं, तंबूच्या कापडाचं, वरून खालपर्यंत भरघोस. आणि दांडा उतरून थेट मूळच्या जागी, माझ्या कपाळाच्या बरोबर रेषेत; कापूस नाही, घंटा नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दोर सोडवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता मुलाकडचे, मुलीकडचे असं काही राहिलं नाही की. आता मी सांगणार. खाली म्हटलं की खाली.”

मी सरी म्हटलं. आणि त्या दिवशी ती होडी पहिल्यांदा होडीसारखी चालली. वाऱ्याने शीड भरलं, जोडलेल्या दोन्ही होड्या पाणी कापत निघाल्या आणि पहिल्या वळणाला मागून हाक आली, “अरे, वाक.” मी वाकलो. दांडा डोक्यावरून निघून गेला. पुन्हा वळण, पुन्हा “वाक”, पुन्हा मी वाकलो. ज्या काठावर आम्ही कधी पोचलो नव्हतो तिथे पोचलो. शेळ्यांचा म्हातारा त्या दिवशी पलीकडेच होता. आम्हाला कोरडे बघून तो काही विचारायचंच विसरला. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं होतं आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. आम्ही दोघं काठावर बसून डब्यातली धपाटी खाल्ली. त्यांनी डब्याचं झाकण दोनदा लावलं, दोनदा काढलं. इतका चांगला वारा आणि इतकी चांगली होडी घेऊन दोन म्हातारे असे का बसले आहेत, हे कुणी विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं नसतं.

परतताना ऊन कललं होतं. मधल्या वळणाशी आलो. मी हाकेची वाट बघत होतो. मागून आवाज आला, जुना, अजिजीचा, “व्याहीसाहेब, आपल्याला त्रास होणार नसेल तर...”

मला वाकता आलं असतं. मी मान वळवून ते वाक्य पुरं होईतो ऐकत राहिलो.

घरी आल्यावर सौभाग्यवती टेंगळावर हळदीचा लेप लावत होती. तिने घाबरून विचारलं, कुणी मारलं एवढं?

मी म्हटलं, “व्याह्यांनी.”