भिंतीतला झरा

माझ्या डाव्या कानात गेल्या दिवाळीपासून कुकरची शिट्टी वाजते आहे. फरक इतकाच, की ही शिट्टी थांबत नाही आणि खाली वरणभातही शिजत नाही. इथल्या, म्हणजे तोक्योतल्या ओजिमाच्या, कानाच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की याला जपानीत मिमिनारी म्हणतात. (नाव इतकं गोड, की मुलीचं ठेवावं.) आवाज कदाचित जाणार नाही, पण त्याच्याकडे लक्ष जाणं कमी करता येईल. अगदी शांत खोलीत बसू नका, मागे हलकासा काहीतरी आवाज असू द्या, त्यासाठी मोबाइलवर अ‍ॅप मिळतात.

मी अ‍ॅप घेतलं. त्यात पाऊस होता, पंखा होता, समुद्र होता, कुणाची आवड म्हणून वॉशिंग मशीनही होतं. आठवडाभर मी एकेक आवाज चाखून पाहिला. समुद्रामुळे दर लाटेला छातीत धस्स व्हायचं, पंख्यामुळे थंडी वाजायची. शेवटी ‘डोंगरातला झरा’ पसंत पडला. इयरफोननं कान दुखायचा, म्हणून एक छोटा ब्लूटूथ स्पीकर मोबाइलला जोडला आणि पलंगामागे भिंतीला टेकवून ठेवला. तोयोसुतल्या ऑफिसचं काम मी तेव्हा घरूनच करत होते, त्यामुळे झरा दिवसभर वाहायचा.

महिन्याभरात कमाल झाली. मला शिट्टी जाणवेनाशी झाली, आणि झराही! नवऱ्याला, नितीनला, मी ही आनंदाची बातमी दिली. तो म्हणाला की माझ्या बोलण्याच्या बाबतीत त्याचंही लग्नानंतर महिन्याभरात असंच झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी झरा बंद करायला हवा होता. पण जे ऐकूच येत नाही ते बंद करायची आठवण कशी राहणार?

एका शनिवारी सकाळी दार वाजलं. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या मोरिता-सान बिस्किटांचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे इमारतीच्या देखभालीचे ओनो-सान, हातात काठीएवढी लांब लोखंडी सळई. मोरिता-साननी आधी तीन वेळा माफी मागितली. कदाचित चूक त्यांचीच असेल, पण महिनाभर त्यांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीत पाणी वाहतंय. भिंत अजून ओली झालेली नाही. तरी त्यांनी कपाटात घमेलं ठेवलंय, आणि दिवंगत नवऱ्याच्या फोटोंचे अल्बम भिजू नयेत म्हणून स्वयंपाकघरात हलवलेत.

मी दोघांना आत घेतलं, चहा टाकला. ओनो-साननी सळईचं एक टोक भिंतीला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावलं. गळती शोधायची ही त्यांची पद्धत. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं. आमच्या झोपायच्या खोलीत पलंगापाशी ते थबकले. पाणी इथेच आहे, म्हणाले. (पलंग सरकवायला सांगणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं.) मला काहीच ऐकू येत नव्हतं. कान आणखी बिघडला की काय, म्हणून मी मनातून घाबरले. नितीनला विचारलं, तर तो म्हणाला, काहीतरी येतंय खरं, पण ते नेहमीचंच आहे.

नितीननं घरचा मुख्य नळ बंद केला. पाणी वाहत राहिलं. ओनो-साननी खाली जाऊन आमच्या जिन्यावरच्या आठही घरांचं पाणी बंद केलं. तरी वाहत राहिलं. एका घरातून डोक्याला शाम्पू लावलेले एक आजोबा जिन्यात आले आणि कुणावरही न रागावता तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं पाणी पाहिलं नाही, असं ओनो-सान हळूच पुटपुटले. सोमवारी भिंत फोडावी लागेल.

आता मला राहवेना. मी त्यांची सळई मागून घेतली आणि उजव्या कानाला लावली. खरोखरच पाणी होतं, छान खळखळत होतं. आणि मग त्या पाण्यावर एक पक्षी बोलला.

मी ओनो-सानकडे पाहिलं. ते म्हणाले, “पक्षी मीही ऐकला. पण सांगायचं धाडस झालं नाही.”

तेवढ्यात माझ्या खिशातला मोबाइल थरथरला. पाणी थांबलं. सगळे भिंतीकडे बघत असताना मी सवयीनं फोन उचलला, आणि भिंतीतून, सांगलीहून, माझ्या आईचा खणखणीत आवाज आला.

“अगं, ऐकू येतंय का?”

ओनो-सान दोन पावलं मागे सरकले. मोरिता-साननी भिंतीला वाकून नमस्कार केला.

मी पलंग ओढला, स्पीकर बाहेर काढला आणि कमरेत पार वाकून उभी राहिले. मोडक्यातोडक्या जपानीत शिट्टी, डॉक्टर, अ‍ॅप, झरा, सगळं सांगितलं. मग मोरिता-साननी स्वतःच्या कानाला हात लावला.

“मलाही मिमिनारी आहे,” त्या म्हणाल्या. “नवरा गेल्यापासून. भिंतीत पाणी आल्यापासून मात्र मी तिला विसरलेच होते. काळजी फक्त पाण्याची होती.”

अल्बम परत कपाटात ठेवायला मी त्यांच्याबरोबर खाली गेले, आणि त्यांच्या मोबाइलवर झरा घालून दिला. पक्षी तेवढा ठेवा, असं त्यांनी बजावलं.

वर आले तर ओनो-सान फॉर्म घेऊन अडून बसले होते. बिघाडाच्या कारणाला तीनच चौकोन होते: पाइप, नळ, गटार. विचार करून त्यांनी खाली ‘इतर’ असा चौथा चौकोन आखून त्यावर खूण केली, समोर ‘बिघाड रहिवाशात’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि अत्यंत आदरानं कागद माझ्यापुढे धरला. मी, इथे सहीऐवजी चालतो तो, माझ्या नावाचा शिक्का मारला.

नितीननं त्या कागदाचे चार फोटो काढले. चूक माझी असल्याचं लेखी, तेही माझ्या शिक्क्यानिशी, त्याला सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मिळत होतं.