ड्राइव्हमधलं लग्न

"पंगतीत सगळ्याले सारखंच वाढते, मॅडम. तुमच्या कम्प्युटरले काहून वेगळा नियम पायजे?"

कुलसचिव एवढं बोलले आणि समितीतल्या सगळ्या विभागप्रमुखांनी माना डोलावल्या. मला राग आला. पंगतीत पहिली फेरी सारखी असते, पुढे पोट पाहून वाढतात, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. पण मीटिंगमध्ये तोंडापर्यंत आलेलं गिळायची मला सवय आहे. "पुढच्या बैठकीत दोन मसुदे आणते, सर, तुमच्या नियमाचा आणि माझ्या," एवढंच म्हणाले.

मी अमरावतीच्या एका विद्यापीठात संगणक केंद्राची प्रमुख आहे. लोकांना वाटतं, मी प्रिंटर दुरुस्त करते. खरं काम म्हणजे कोणाला कोणती सोय द्यायची, किती द्यायची, पुढे काय लागेल हे ठरवणं आणि त्याचे नियम लिहिणं. त्या नियमांना आम्ही पॉलिसी म्हणतो. नियम म्हटलं की लोक पहिले पळवाट विचारतात.

भानगड अशी होती. आमचे ईमेल आणि फायली क्लाउडवर आहेत. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या कम्प्युटरवर घेतलेली जागा. ती आम्हाला फुकट होती, आणि पाहिजे तेवढी. माझं माहेर अकोल्याचं. तिथे नळ आला की घरातला तांब्यासुद्धा भरून ठेवतात. आम्ही त्या जागेचं, म्हणजे ड्राइव्हचं, तेच केलं. मग एके दिवशी कंपनीचं पत्र आलं, की आता अख्ख्या विद्यापीठाला मिळून एवढीच जागा. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत त्यात बसा, नाही तर कोणालाच नवीन काही टाकता येणार नाही. आणि आम्ही त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलो होतो.

मी कोणाची किती जागा ते काढलं. फक्त किती. आत काय आहे ते आम्ही उघडून पाहत नाही, आणि कोणाचं नाव चारचौघांत घेत नाही. ते कलम मीच घालून घेतलंय. सगळ्यात वर दोन खाती होती आणि दोन्ही वनस्पतिशास्त्राची. एक विभागप्रमुख वानखडे सरांचं. दुसरं त्यांच्याच हाताखाली पीएचडी करणाऱ्या रोशनीचं.

रोशनीचं काय आहे ते तिनेच येऊन सांगितलं. चांदूर बाजारकडच्या बागांमध्ये संत्र्याची फळगळ होते, म्हणजे फळ पिकायच्या आधीच खाली पडतं. कोणतं झाड कधी आणि किती फळं टाकतं, हे ती फोटोंवरून शोधत होती. त्याच झाडांचे फोटो, बहारामागून बहार. बागवाले आपल्या मोबाइलवरून थेट तिच्या फोल्डरमध्ये टाकायचे. अकोल्याचे दोन शास्त्रज्ञ तेच फोल्डर उघडून फोटोंतल्या पानांवर खुणा करायचे.

"मॅडम, सारखी वाटणी झाली तर माझं किती राहील?"

मी सांगितलं.

"म्हणजे मागचे सगळे काढावे लागतील. मग या वर्षीचं झाड मी कशाशी ताडून पाहू? माझी पीएचडीच गेली ना!"

"हार्ड डिस्कवर?" मी विचारलं.

"बागवाले माझ्या डिस्कवर कसे टाकतील, मॅडम?"

बरोबर होतं.

आता वानखडे सरांचं. त्यांच्या खात्यात काय आहे हे मला उघडून पाहायची गरजच नव्हती. त्यांनी स्वतःच स्टाफच्या ग्रुपवर लिंक टाकली होती. मुलीचं लग्न. हळद, वरात, लग्न, रिसेप्शन, सगळ्या कॅमेऱ्यांचं कच्चं शूटिंग आणि वरून ड्रोन. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं, खाली हात जोडलेले इमोजी टाकले होते. मी स्वतः त्यात तोंड भरून गुलाबजाम खाताना दिसते. तरी मीटिंगमध्ये वानखडे सर म्हणाले होते, "पोट्टे पिक्चर ठेवत असतीन." आणि सगळ्यांनी हो ला हो केलं.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार लावून घेतलं.

"सर, तुमचं शूटिंग एका डिस्कवर घेऊ. मी माणूस पाठवते, तुम्हाला काही करावं लागणार नाही."

"इतक्या वर्षांच्या नोकरीत मी युनिव्हर्सिटीले काय मांगलं, मॅडम? पोरीच्या लग्नाची एक फिल्म ठेवली, तर तेवढीच डोयात खुपली?"

"जागा कमी आहे, सर. रोशनीचं काम..."

"रोशनीले मी सांगतो फोटो कमी करायले. हजारो फोटो कायले लागते? झाड काय पळून जाते का?"

स्वतः वनस्पतिशास्त्राचा माणूस, आणि हे बोलतो! मी उठून आले. त्या दिवशी मी केंद्रात विनाकारण दोघांवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी रोशनी आली. डोळे सुजलेले. "सर म्हणाले, मागच्या वर्षीचे काढून टाक."

"काढलेस?"

"नाही. पण गाइड आहेत, मॅडम. उद्या विचारलं तर?"

"माझं नाव सांग. संगणक केंद्राने डिलीट करायला मनाई केली आहे म्हण. बैठक होईपर्यंत एक फोटो हलला नाही पाहिजे."

अशी मनाई करायचा अधिकार मला आहे का, हे मी पॉलिसीत शोधलं नाही. नसता सापडला.

पुढच्या बैठकीत मी दोन मसुदे ठेवले. एकात सारखी वाटणी. दुसऱ्यात एकच प्रश्न, हे काम चालू आहे का? चालू कामाला लागेल तेवढी जागा, संपलेलं डिस्कवर. मी म्हटलं, प्रत्येक विभागप्रमुखांनी आपापल्याकडे चालू काय आहे ते सांगावं. एकेक जण बोलू लागला. "अभ्यासाचं आहे." "ऑफिसचं आहे." "बघावं लागेल." चहा आला, गेला.

कुलसचिव वैतागले. समोरचा मसुदा बाजूला सारून म्हणाले, "हे सोडा. वानखडे, तुमच्या विभागातली ती कोण पोरगी हाय, गंजच जागा खाऊन राहिली म्हणून आयकलं मी. एक पीएचडीवाली अख्ख्या युनिव्हर्सिटीले येठीस धरते का? मॅडम, तिचं खातं आजच बंद करा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वानखडे सर बोलले.

"थांबा." ते उभे राहिले होते, आवाज चढला होता. "माह्या विद्यार्थिनीले काही म्हणायचं नाही. ती उन्हातान्हात बागा फिरून राहिली. जागा तिनं नाही खाल्ली."

"मंग कोणं खाल्ली?"

"मी खाल्ली. माह्या पोरीचं लग्न हाय त्याच्यात. तुमी सगळ्यायनं पाह्यलं. तुमी बी नाचले त्याच्यात, साहेब, आता काहून भोळे बनता?"

कोणीतरी फस्सकन हसलं. कुलसचिव चष्मा पुसू लागले.

वानखडे सर खाली बसले, मग हळूच म्हणाले, "मीच मागं त्या पोरीले फोटो काढून टाक म्हटलं. अक्कल गहाण ठेवली होती मी. माही पोरगी सुखानं नांदून राहिली, तिचं लग्न लागून गेलं. झाडाची फळं अजून गळून राहिली, बापा. ते फोटो राहू द्या."

त्यानंतर बैठक आटोपायला वेळ लागला नाही. एकेकाला आपापलं आठवू लागलं. कोणाकडे मौंजीचं शूटिंग, कोणाकडे काश्मीरची ट्रिप, एकाकडे घराच्या वास्तुशांतीचं. दुसरा मसुदा एकमताने मंजूर झाला. त्याच आठवड्यात बाजारातल्या हार्ड डिस्कचा खप वाढला असणार. सुट्टी लागायच्या आधी आम्ही मर्यादेत बसलो. रोशनीच्या फोल्डरमध्ये चांदूर बाजारहून रोज फोटो येत राहिले.

बाकीची विद्यापीठं ती पॉलिसी मागतात. मी मेल करते. मग तिकडून फोन येतो, की आमच्याकडे हे लागू का होत नाही? मी त्यांना विचारते, तुमच्या समितीत "जागा मी खाल्ली" म्हणणारा कोणी आहे का? तेवढं कलम मला लिहिता आलेलं नाही.