लापिथोसचं घर

ख्रिस्तालाच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात तिला बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, लापिथोसला घर बांधून दिलं. त्या घरात तिचा संसार पुरता मांडूनही झाला नव्हता, तोच तुर्की सैन्य किनाऱ्यावर उतरलं. चुलीवरचं कालवण तसंच टाकून ती आणि तिचा नवरा लोइझोस दक्षिणेला पळाले. लिमासोलमध्ये त्यांना उत्तरेला निघून गेलेल्या कुणा तुर्काचं रिकामं पडलेलं घर राहायला मिळालं. ‘थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे’ म्हणत लोइझोसनं त्या घराला कधी रंग दिला नाही. तिथेच मुलं झाली, त्यांची लग्नं झाली.

पुढे कितीतरी वर्षांनी बेटाच्या दोन भागांमधल्या सीमेवरची फाटकं उघडली. लोइझोस हटून बसला. “माझ्याच घरी जायला मी त्यांना पासपोर्ट दाखवू?”

ख्रिस्ताला एकटीच गेली. दार शेफिकानं उघडलं. तीही दक्षिणेतल्या पाफोसकडून उठवलेली तुर्कीण, ग्रीक छान बोलायची.

“कधीतरी येशील, ठाऊक होतं,” ती म्हणाली. “ये, बस. कॉफी टाकते.”

काय काय सुनावायचं, ते ख्रिस्तालानं मनात घोकून ठेवलं होतं. पण ती नुसती रडली. मग त्या घराच्या अंगणातली लिंबं पिकली की तिची दरवर्षी तिकडे एक खेप व्हायची. लोइझोस वारला. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांच्या वाटाघाटी सुरू झाल्या, फिसकटल्या, पुन्हा सुरू झाल्या.

यंदा शेफिकाचा फोन आला. “मुलानं घर विकलं गं. पाडून इमारत बांधणार आहेत. एकदा येऊन जा.”

ख्रिस्ताला गेली. “तू अडवलं नाहीस त्याला?”

“कुठल्या तोंडानं अडवू? घर तुझं, विकणारा माझा.”

ख्रिस्तालाला रागावायचं होतं, पण दारापर्यंतच्या पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. “आता तू कुठे जाणार?”

“त्याच्याकडे, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट कायम बंद.”

“म्हणजे तुलाही परत उठवलं.”

“हो ना. या खेपेला पोटच्या पोरानं.”

दोघी थोडं हसल्या.

घरी मुलगी तावातावानं म्हणाली, “आई, वकील करू या.”

“तुला करायचा तर कर. मी आता थकले.”

रविवारी मात्र तिनं शेफिकाला फोन लावला. दोघी गुडघ्यांबद्दल, औषधांबद्दल बोलल्या. घराचं नाव कुणीच काढलं नाही.