पिनांना लावलेलं कुंकू

"हळू ठिवा. त्यात मानूस बसनार हाय."

ट्रेमध्ये कुणी पिन जराशी आपटली की आमच्या कारखान्यातले जुने कारागीर मामा लेथवरून मान न वळवता एवढंच म्हणायचे. पिन करंगळीएवढी. आम्ही चेष्टा करायचो, "मामा, हिच्यात उंदीर बी बसंना, मानूस कुठं बसतोय?" ते हसायचे, पण पुढची पिन स्वतःच्या हातानं ठेवायचे.

वाळूजच्या आमच्या छोट्या कारखान्याला देशी लढाऊ विमानाच्या पिना करायचं काम मिळालं होतं. विमान कैक वर्षं चाचण्यांतच अडकलेलं. हवाई दलात दाखल झालं तेव्हा आम्ही ते टीव्हीवरच पाहिलं. मामांनी म्हणे फुलंब्रीला घरी जाऊन शेळ्यांनासुद्धा बातमी सांगितली. तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर तुम्हालाही हे खरं वाटलं असतं.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. त्या वर्षी मामांनी लेथला कुंकू लावलं आणि मग तयार पिनांनाही एकेक बोट लावलं. तपासणी माझ्याकडे. मी कपाळाला हात लावला, सगळ्या पिना धुऊन, पुसून, पुन्हा तपासून पाठवल्या. साहेब ओरडले, मामा ओशाळले, विषय संपला.

पुढे तसलं एक विमान पडलं. वैमानिक गेला, अगदी पोरसवदा होता. टीव्हीवर त्याची आई दिसली आणि मामा मटकन खाली बसले.

"एखादी पिन धुवायची ऱ्हायली असंल. कुकू आत गेलं असंल."

"मामा, मी स्वतः धुतल्यात."

"समद्या?"

"सगळ्या."

"डोळ्यानं बघितल्या?"

रोज हेच. त्या विमानात आमच्या पिना होत्या की दुसऱ्या कुणाच्या, हेही आम्हाला कोण सांगणार? मामांचं जेवण सुटलं. मला त्यांची कीव यायची आणि संतापही यायचा; इतक्या श्रद्धेनं केलेली गोष्ट माणसाला अशी पोखरते, हे बघवत नव्हतं. मग एक दिवस ते यायचेच बंद झाले.

चौकशीत निघालं, इंजिनात पक्षी शिरला होता. बातमी कळताच मी मोटरसायकल काढली आणि थेट फुलंब्री गाठलं. मामा बाजेवर पडून होते, ओळखू येऊ नयेत इतके वाळलेले.

"मामा, पक्षी होता तो. तुमच्या कुंकवाचा काही संबंध नाही. सुटलात तुम्ही!"

त्यांनी हात जोडले. ओक्साबोक्शी रडले. मला वाटलं, आता कामावर येतील.

"लई उपकार झालं," डोळे पुसत ते म्हणाले. "मी सुटलो. ती माय कशी सुटंल?"

मामा कामावर आले नाहीत. उन्हाळा संपायच्या आत गेले. त्यांच्या लेकीनं सांगितलं, शेवटी शेवटी भान नव्हतं, येईल त्याला एवढंच विचारायचे, "तिच्यापाशी कुनी हाय का?"