चालू आणि भारी

आमचे हे सेवानिवृत्त झाले तेव्हा मला वाटलं होतं, आता हा माणूस सकाळी पेपर वाचेल, दुपारी झोपेल आणि उरलेल्या वेळात माझ्या डोक्याला ताप देईल. तिसरी गोष्ट तेवढी खरी झाली. वर्ष उलटायच्या आत त्यांनी दोन मालक झालेली एक जुनी मोटार घेतली, आणि ती चालवण्यापेक्षा खोलण्यातच त्यांना जास्त रस आहे हे मला आठवड्याभरात कळलं. बदलापूरला, कात्रपमध्ये, आमच्या इमारतीखाली दोन खांबांमधली पार्किंगची जागा आमची. तिला ते ‘आपलं गॅरेज’ म्हणू लागले.

गॅरेज आलं म्हणजे हत्यारं आली, आणि हत्यारं म्हटलं की उल्हासनगर. ह्यांचा जन्मच उल्हासनगरच्या कॅम्पातला. तिथल्या बाजारात स्वस्त मिळत नाही अशी वस्तू जगात अजून निर्माण झालेली नाही, अशी त्यांची श्रद्धा. माझं माहेर नगरकडचं. लग्न होऊन इकडे आले आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात चिकटले. सव्वीस वर्षं माझं काम एकच. समोर आलेल्या नट-बोल्टांतला खोटा कोणता ते शोधायचं. खरा शोधायचा पगार कोणी देत नाही. त्यामुळे माझी नजर अशी झालीय की कोणी हसून नमस्कार केला तरी मी आधी त्याच्या खिशाकडे बघते.

ह्यांच्या डिस्काउंटच्या पिशव्या घरी येऊ लागल्या तशी माझी ही सवय पुन्हा जागी झाली. पान्यांचा संच आला, त्यावर इंग्रजीत पोलादाचं भारदस्त नाव कोरलेलं. मी म्हटलं, नाव कोरायला पोलाद लागत नाही, कोरणारा लागतो. स्वयंपाकघरात एका डब्यात मी बोटभर कानशीचा तुकडा ठेवलेला आहे, कारखान्यातला, मोडला म्हणून टाकून दिलेला. लोखंडावर कानस ओढायची. चावली तर लोखंड मऊ, नुसती घसरली तर कडक. पान्यावर ओढली, तर साबणावर ओढल्यासारखी आत गेली. तो संच मी तिथल्या तिथे नापास केला. ह्यांनी तरी वापरला, आणि दुसऱ्याच नटाला पान्याचं तोंड वासलं. स्क्रू काढायचा डिसमिस तर नावाला जागला, पहिल्याच स्क्रूला डिसमिस झाला. हातोड्याचं डोकं दांड्यातून निसटून शेजाऱ्यांच्या स्कूटरखाली जाऊन पडलं. शेजारी तेव्हा स्कूटरवर नव्हते हे त्यांचं नशीब.

“दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं,” मी म्हणायची.

“जग फसतं म्हणून दुकानं चालतात,” हे म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा पिशवी घेऊन निघायचे.

एक खरं सांगते. त्यांच्या त्या स्वस्त पसाऱ्यात एक पक्कड मात्र अशी निघाली, की आज चार वर्षं झाली, तिचा दात हलला नाही. मी तिच्यावर तीन वेळा कानस ओढली. तिन्ही वेळा घसरली. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

पुढे ते मला विचारूनच ठरवू लागले. पिशवी आली की डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर माल मांडायचा आणि समोरच्या खुर्चीत शाळेतल्या मुलासारखं बसायचं. मी चष्मा लावून एकेक वस्तू उचलायची. “पास.” “नापास.” नापास झालेली वस्तू ते निमूटपणे परत करायला न्यायचे. मला हे आवडायचं, कबूल करते. निवृत्तीनंतर मला ‘मॅडम’ म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं.

मग जॅकची पाळी आली.

गाडीसोबत मिळालेला जॅक गंजून गेला होता. आणि जॅक म्हणजे पाना-पक्कड नव्हे. पाना मोडला तर नट अडतो. जॅक दगा देईल तेव्हा त्याच्या भरवशावर गाडीखाली आडवा झालेला माणूस माझा नवरा असणार होता. म्हणून मी ठरवलं, हे घरी बसून तपासायचं काम नाही. मी स्वतः येते.

उल्हासनगरच्या त्या गल्लीत दुकानं इतकी चिकटून आहेत की एकातला माल दुसऱ्याच्या पायरीवर येतो. ह्यांच्या ओळखीचे एक सिंधी दुकानदार होते, साठीचे, पांढरे केस, कपाळावर टिळा. “आओ साईं, आओ भाभी,” करून त्यांनी चहा मागवला. चहा मागवणाऱ्या दुकानदारावर माझा दुप्पट संशय असतो. त्यांनी काउंटरवर दोन जॅक ठेवले. दोन्ही बाटलीच्या आकाराचे, दोन्ही लाल, दोन्हींवर तोच आकडा छापलेला. एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्म्याच्या आसपास.

“दोनों में फरक क्या?” मी विचारलं.

ते हाताने दाखवत म्हणाले, “भाभी, ये चालू है, वो भारी है.”

मी पर्समधून कानस काढली. त्यांनी भुवया वर केल्या. स्वस्तातल्या जॅकच्या दांड्यावर ओढली. घसरली. कडक होता. वेल्डिंग बघितलं, कुठे भेग नव्हती. दांडी घालून खालीवर केली, जॅक झकास वर आला आणि वरच थांबला. म्हणजे हा चालू होताच. दुसरा उचलून बघितला, तर मनगट दुखेपर्यंत जड. म्हणजे तो भारी होताच. माणूस दोन्ही बाबतींत खरं बोलला होता, आणि महागाचा गळ्यात मारायचा प्रयत्नही त्याने केला नव्हता. ह्यांच्या कंबरेचं दुखणं मला माहीत. रोज एवढं धूड कोण उचलणार?

“हा घ्या,” मी म्हटलं. “हा पास.”

हे माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मला वाटलं, बायकोने आयुष्यात पहिल्यांदा स्वस्तातली वस्तू निवडली याचं त्यांना नवल वाटलं असेल. मग त्यांनी जॅक पिशवीत घातला.

दोनदा टायर बदलायला तो वापरला. दहा-दहा मिनिटांचं काम, काही झालं नाही.

तिसऱ्या वेळी सायलेन्सरची पट्टी सैल झाली होती म्हणून हे गाडीखाली गेले. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. मागचं डावं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मी शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून वाल सोलत होते. त्यांचे पाय बाहेर, बाकीचा माणूस आत. आतून ते मला कुठल्यातरी मंत्र्याबद्दल काहीतरी सांगत होते आणि मी हुं हुं करत होते.

आमच्या पार्किंगच्या खांबांवर पिवळे-काळे पट्टे मारलेले आहेत. मी बसले तेव्हा गाडीच्या बंपरची कड एका पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर वरच्या रेघेला होती. अशा गोष्टी मी मुद्दाम बघत नाही. डोळ्यांना ते वळण लागलेलं आहे. वाटीभर वाल सोलून झाले आणि सहज बघितलं, तर कड पट्ट्याच्या मध्यावर.

मी चष्मा काढून पदराने पुसला. मग वाटलं, आपण खुर्ची सरकवली असेल. मग वाटलं, हे आतून कुठेतरी जोर देताहेत म्हणून गाडी हलली असेल. मी चष्म्यावर संशय घेतला, खुर्चीवर घेतला, माझ्या मोतीबिंदूवर घेतला. जॅकवर घेतला नाही. तो मी पास केला होता.

पुन्हा बघितलं तेव्हा कड काळ्या पट्ट्यात उतरली होती.

“अहो, बाहेर या!”

“दोन मिनिटं, होतच आलंय.”

“आधी बाहेर या!” मी अशी किंचाळले की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. ते सरकू लागले. खांदे बाहेर आले, डोकं आलं. उठायला म्हणून त्यांनी डावा पंजा गाडीच्या कडेखालीच जमिनीला टेकला, आणि गाडी एकदम खाली बसली. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. आवाज केला तो ह्यांनी, आणि तो मला अजून ऐकू येतो.

वॉचमन आणि दोन शेजारी धावले. तिघांनी गाडीची मागची बाजू उचलून धरली तेव्हा हात सुटला. दवाखान्यात डॉक्टरांनी मधल्या बोटाचं पेर काढून टाकलं. शेजारचं बोट वाचलं, पण ते आता वाकत नाही. “डोकं असतं तर?” असं डॉक्टरांनी विचारलं नाही. ते मी विचारत होते, रोज, पोळ्या लाटताना, अंघोळ करताना.

ह्यांचे टाके निघाले त्या दिवशी मी तो जॅक पिशवीत घातला आणि उल्हासनगरला निघाले. वाटेत वाक्यं जुळवत होते. तुम्ही चहा पाजून माणसं मारता, असं म्हणायचं होतं. सगळा बाजार गोळा करायचा होता.

दुकानदारांनी पिशवीतला जॅक बघितला आणि माझा चेहरा बघितला. काय झालं ते मी सांगितलं. अर्धं हिंदीत, राग चढला तसं मराठीत. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. “साईं कैसे हैं अभी? हाथ चलता है?” मी म्हटलं, ते नंतर. असला माल विकताना लाज नाही वाटली?

ते जरा गोंधळून म्हणाले, “भाभी, मैंने तो बोला था ना. ये चालू है, वो भारी है. आप खुद चेक करके चालूवाला ले गए.”

मी तिथे उभी राहिले. तेच शब्द, तोच हात. आणि आत्ता कुठे मला ते ऐकू आले. चालू म्हणजे हलक्या प्रतीचा. भारी म्हणजे उत्तम. साडीच्या दुकानात, चपलांच्या दुकानात हे शब्द मी शंभरदा ऐकलेत आणि बरोबर ओळखलेत. पण कारखान्यात जन्म घालवलेल्या बाईला यंत्राबद्दल ‘चालू आहे’ म्हटलं की एकच अर्थ कळतो. त्या माणसाने धंद्याला न शोभेल इतकं खरं सांगितलं होतं, आणि मी त्याच्या खरेपणात खोट शोधत बसले होते. रिकामा जॅक वर जातो की नाही ते बघितलं. ओझं घेऊन अर्धा तास टिकतो की नाही, ते नाही बघितलं. आतलं तेल अडवणारी रबराची चकती कानशीने कळत नाही.

मी भांडले नाही. जॅक तिथेच सोडला आणि परत निघाले.

स्वस्तातली हत्यारं घ्यावीत का, असं आता इमारतीतले लोक मला विचारतात. मी सांगते, नरसाळं घ्या, ब्रश घ्या, ग्रीसची डबी घ्या. पक्कड नशिबावर सोडा. पाने दोनच घ्या पण चांगले घ्या. आणि ज्या वस्तूखाली माणूस जाणार, तिथे स्वस्त हा शब्द तोंडातून काढू नका. लोक मान डोलावतात. मी बोलते ते पटतं त्यांना. मलाच ते सांगताना बरं वाटत नाही.

त्या दिवशी उल्हासनगरहून घरी आले तेव्हा हे गॅलरीत बसून उजव्या हाताने पेपर उलटत होते. मी पर्सही खाली ठेवली नाही. म्हटलं, “चूक माझी आहे. त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, हा हलका आहे म्हणून. मला ‘चालू’चा अर्थ कळला नाही.”

त्यांनी पुढचं पान उलटलं.

“आणि तुम्ही? पूर्वी काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचात. गाडी बसलीच तर चाकावर बसेल म्हणून. ह्या वेळी ते भिंतीला का लावलंत?”

त्यांनी पेपर मिटला. एका हाताने नीट मिटत नाही तो, त्यामुळे वेळ लागला.

“मला कळला होता,” ते म्हणाले.

“काय?”

“अर्थ. माझा जन्म तिथला, मला चालू-भारी कळणार नाही? चालू म्हणाला तेव्हाच मी त्या दुसऱ्याकडे हात नेणार होतो.” मग ते अगदी साधेपणाने म्हणाले, “पण तू पास म्हणालीस. म्हटलं, तू बघितलाय म्हणजे मग चाक कशाला लावायचं.”