तिसऱ्या रकान्याचं नाव

पुण्यात सात वर्षं प्रोग्रामिंगची नोकरी केल्यावर मी परंड्याला परत आले. नवऱ्याची बदली इथल्या शाळेत झाली होती आणि कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली. माडीवरच्या खोलीत टेबल टाकलं. खिडकीतून किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा दिसायचा. माझ्याकडं जुनी कामं असायची. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी बनवलेले, अजून चालू असलेले प्रोग्राम सांभाळायचे. नवं काही घडवायचं नाही, आहे ते मोडू द्यायचं नाही.

त्यातलाच एक धाराशिवच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचा होता. पेशंट आला की काउंटरवर त्याची माहिती भरायची: नाव, वय, गाव, जुना आजार, औषधाची अ‍ॅलर्जी. भरलेलं सगळं आत डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसायचं. एका सोमवारी दवाखान्याच्या अधीक्षकांचा निरोप आला, सोबत आलेल्या माणसाचं नाव लिहायला एक रकाना वाढवा. वयाच्या खाली टाकला तर बरं. मी पंधरा मिनिटांत तो वाढवला, भरून बघितला, आणि पाठवून दिला.

गुरुवारी तक्रार आली. तीन दिवस नोंदी चुकत होत्या. सोबतच्या माणसाच्या जागी गावाचं नाव, गावाच्या जागी मधुमेह. एका बाईला एका इंजेक्शनची अ‍ॅलर्जी होती, ती जुन्या आजाराच्या रकान्यात गेली होती आणि अ‍ॅलर्जीचा रकाना कोरा होता. इंजेक्शन देण्याआधी नर्सनं सवयीनं तोंडी विचारलं म्हणून निभावलं.

मी फॉर्म उघडला. पाच वेळा भरला. प्रत्येक वेळी बरोबर. गावाच्या समोर गाव, अ‍ॅलर्जीच्या समोर अ‍ॅलर्जी. कंपनीतल्या माझ्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, तुझ्याकडं बरोबर चालतंय ना, मग तसं लिहून दे आणि तक्रार बंद कर. मी लिहिलं, 'प्रोग्राममध्ये दोष नाही. नोंद करणाऱ्या व्यक्तीने माहिती चुकीच्या रकान्यात भरली आहे.'

संध्याकाळी अधीक्षकांचा फोन आला. आवाजात सुटल्याचा भाव होता. म्हणाले, आभारी आहे मॅडम, आम्हाला वाटतच होतं. काउंटरवरच्या बाईंना दिसत नाही. कॉम्प्युटर बोलतो आणि त्या ऐकून टाइप करतात. चार वर्षं चांगलं चाललं होतं, पण आता नको ती जोखीम. आजपासून त्यांना टेलिफोनवर बसवलंय.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर मला बसवेना. गच्चीत गेले, वाळत घातलेले कपडे काढले, घड्या केल्या, घड्या मोडून पुन्हा केल्या. नवऱ्यानं काय झालं विचारलं, मी काही नाही म्हटलं. चार वर्षं एक चूक नाही आणि तीन दिवसांत सगळं उलटंपालटं. सोमवारी रकाना वाढवला आणि सोमवारपासूनच चुका. हे मला तक्रार वाचतानाही दिसलं होतं. दिसूनही मी ते वाक्य लिहिलं होतं.

शुक्रवारी दिवसभर दुसऱ्या कामात डोकं घालायचा प्रयत्न केला. एक ओळ लिहायची आणि दोन खोडायच्या. दुपारी उठून किल्ल्याला एक चक्कर मारून आले, उन्हात, डोक्यावर पदरही न घेता. सासूबाई म्हणाल्या, कशाची एवढी तगमग करायलीस? शनिवारी सकाळी मी अधीक्षकांना न कळवता धाराशिवला जायला एसटीत बसले. बार्शीला गाडी बदलली. येडशीपर्यंत खिडकीला डोकं टेकवून मनात वाक्यं जुळवत होते, एकही नीट जुळलं नाही.

त्या बाई दवाखान्याच्या पायऱ्यांजवळच्या छोट्या खोलीत टेलिफोनपुढं बसल्या होत्या. वय चाळिशीच्या पुढचं, निळी सुती साडी, केस चापून बांधलेले. मी म्हटलं, ताई, मी त्या कॉम्प्युटरच्या फॉर्मचं काम बघते, परंड्याहून आलेय. त्यांनी मान माझ्याकडं वळवली आणि शेजारची खुर्ची हातानं चाचपून पुढं सरकवली.

बोलता बोलता कळलं, त्या माकणीच्या. लहानपणी तापात डोळे गेले. अंधशाळेत शिकल्या, टायपिंगची परीक्षा दिली, आणि आता आईला घेऊन इथं भाड्यानं राहत होत्या. तक्रारीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीच म्हटलं, तुम्ही फॉर्म कसा भरता ते मला बघायचंय. शनिवारी काउंटर दुपारी मोकळा असायचा. आम्ही तिथं जाऊन बसलो.

त्यांनी कानाला हेडफोन लावायला घेतला. मी म्हटलं, आवाज बाहेर येऊ द्या. कॉम्प्युटरमधला घोगरा आवाज भराभर बोलायला लागला. त्या टॅबचं बटण दाबत पुढं जात होत्या. आवाज म्हणाला, नाव. मग, वय. मग म्हणाला, गाव.

मी स्क्रीनकडं बघत होते. कर्सर सोबतच्या माणसाच्या रकान्यात होता.

"ताई, थांबा," मी म्हटलं. "हे गाव म्हणून कुणी सांगितलं त्याला?"

"म्याच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्या काउंटरवर बसल्या तेव्हा हा फॉर्म त्यांच्याशी बोलतच नव्हता. प्रत्येक रकान्यावर आवाज नुसतं 'एडिट', म्हणजे इथं लिहा, एवढंच म्हणायचा. एडिट, एडिट, एडिट. कशाचं ते नाही. स्क्रीनवर शेजारी 'गाव' लिहिलेलं होतं, पण ती अक्षरं त्याच रकान्याची आहेत हे फॉर्म बनवणाऱ्यानं कुठंच जोडून दिलं नव्हतं. डोळ्यांना ते शेजारी दिसतं म्हणून समजतं. कानाला शेजार नसतो. तेव्हा औषधाच्या खिडकीवरची मैत्रीण एका जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसली. ती एकेक रकाना वाचायची आणि ताई आपल्या बोलक्या प्रोग्रामला शिकवायच्या, हे नाव, हे वय, हे गाव. त्या प्रोग्रामला तशी सोय होती. एकदा शिकवलं की तो लक्षात ठेवायचा.

लक्षात कशावर ठेवायचा, हे मला माहीत होतं. पानावरच्या प्रत्येक रकान्याला आत एक आयडी असतो, डोळ्यांना न दिसणारं नाव. ते नाव माणूस ठरवू शकतो, नाही तर सर्व्हर स्वतःच ठरवतो. या फॉर्ममध्ये सर्व्हर ठरवत होता आणि तो नुसते अनुक्रमांक लावायचा. पहिला, दुसरा, तिसरा. ताईंच्या प्रोग्रामनं 'तिसरा म्हणजे गाव' असं पाठ केलेलं होतं. मी वयाच्या खाली नवा रकाना घातला आणि तिसरा वेगळाच झाला. गाव चौथं झालं, आजार पाचवा. आवाज मात्र जुनंच सांगत राहिला, तेवढ्याच ठामपणे.

"शेवटाला एक बिननावाचा रकाना लागायला लागला," ताई म्हणाल्या. "म्या साहेबांना इचारलं, ह्यो कशाचा. ते म्हणले नवा आलाय, सध्या कोरा सोडा."

तो अ‍ॅलर्जीचा होता.

मी म्हटलं, यात तुमची काही चूक नाही. त्या सावकाश म्हणाल्या, "कंपनीकडनं लिवून आलंय म्हणं, भरणारीचीच चूक हाय. साहेबांनी वाचून दाखवलं मला. ते कुणी लिवलं, तुमाला ठावं हाय का?"

तेव्हा कुणी एखादा पेशंट यावा असं मला फार वाटलं. कुणी आलं नाही.

"मीच लिहिलं," मी म्हटलं.

त्यांचा हात अजून कीबोर्डवर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"दोन रात्री मला झोप न्हाय," त्या म्हणाल्या. "डोळे तर न्हाईतच. आता बोटं बी गेली का काय, असं वाटलं."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, एवढंच. मग मला पाणी हवं का विचारलं.

तिथूनच मी अधीक्षकांच्या खोलीत गेले. झालं ते सांगितलं. ते भले गृहस्थ होते, पण त्यांना ते समजून घ्यायचं नव्हतं. म्हणाले, जाऊ द्या मॅडम, टेलिफोनवर त्यांना त्रास कमी आहे, बसल्या जागी काम. मी म्हटलं, त्या चुकल्या म्हणून तुम्ही त्यांना हलवलंत आणि त्या चुकल्या नव्हत्या. ते म्हणाले, मग तसं लेखी द्या. मी त्यांच्याच टेबलावर बसून हातानं लिहून दिलं, माझं नाव आणि सही घालून. वरिष्ठांना विचारलं नाही. परतीच्या गाडीत त्यांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले, मी ऐकलं.

दुरुस्ती वाटली त्यापेक्षा किचकट निघाली. सर्व्हरला नावं ठरवू द्यायची नाहीत, आपण द्यायची. गावाच्या रकान्याचा आयडी गावाचाच, तो तिसरा असो की तेरावा. शिवाय शेजारची अक्षरं त्या आयडीशी जोडायची, म्हणजे कुणी शिकवल्याशिवाय आवाज आपोआप 'गाव' म्हणेल. मी घाईघाईत सगळीकडं ठरलेले आयडी टाकले, तर पुढच्या पानावरचा, पेशंटच्या घरच्या माणसांची नावं आणि जन्मतारखा भरायचा तक्ता बिघडला. तिथं एकच ओळ दर माणसामागं पुन्हा येते आणि मी दिलेला आयडी पाचही ओळींना तोच लागला. कोणत्याही ओळीतल्या 'नाव' या शब्दावर दाबलं की कर्सर पहिल्या ओळीत उडी मारायचा. पुन्हा बसले. तिथं मी दिलेल्या आयडीपुढं त्या त्या माणसाचा स्वतःचा नोंद क्रमांक लावला. मग तिथल्या जन्मतारखेवरून वय काढणारा एक तुकडा बंद पडला, कारण तो रकान्याला जुन्या नावानं शोधत होता. असं चार दिवस. या खेपेला मी डोळे मिटून, बोलका प्रोग्राम लावून फॉर्म भरत होते. पहिल्या दिवशी नावाच्या पुढं जाता आलं नाही.

बदल चढवण्याआधी ताईंना फोन केला आणि जुनी शिकवण पुसून टाकायला सांगितली. त्यांना ते आवडलं नाही. "ती माझी हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं पुन्हा बिघडलं मंजे?" मी म्हटलं, बिघडलं तर मला फोन करा, मी लेखी देईन. त्यावर त्या जरा हसल्या असं वाटलं, फोनवर खात्रीनं सांगता येत नाही. त्यांनी ती लगेच पुसली नाही. आठवडाभर टेलिफोनची ड्यूटी संपवून त्या काउंटरवर जाऊन नवा फॉर्म तपासत राहिल्या, एकेका रकान्यात खोटी नावं भरून. मैत्रिणीकडनं वाचून घेऊन ताडत राहिल्या. मगच पुसली.

तीन आठवड्यांनी त्यांना काउंटर परत मिळाला. अधीक्षकांनी मला तसं कळवलं नाही. ताईंनीच फोन करून सांगितलं, दोन वाक्यांत, आणि पेशंट आलाय म्हणून ठेवला.

याला आता वर्ष झालं. दवाखान्याचा कोणताही बदल मी आधी त्यांच्याकडं पाठवते. वरिष्ठांना हे फार रुचलेलं नाही, पण ते नको म्हणत नाहीत. ताईंचा सूर अजून कामापुरताच असतो. मला तो चालतो. मला जे चालत नाही ते वेगळंच आहे. त्या जुन्या प्रोग्रामसारखे आणखी अकरा माझ्याकडं आहेत. त्यांच्यापुढं कोण बसतं, कसं बसतं, हे मला माहीत नाही. हल्ली एखादी साधी ओळ बदलतानाही हात अडतो. उठून खिडकीशी जाते, परत येते, पुन्हा वाचते.

परवा त्यांचा फोन आला होता. नव्या पानावर तारखेशेजारी काहीतरी आहे, तिथं आवाज नुसतं 'बटन' म्हणतोय.

"कशाचं बटन?" त्यांनी विचारलं.

कॅलेंडरचं होतं. चित्र होतं, नाव द्यायचं मी विसरले होते. मी म्हटलं, दहा मिनिटं द्या ताई. त्या म्हणाल्या, रांग हाय हितं, पाचात करा.